आईला घेऊन कोरियाला जायचंय, एकट्या ग्योंगजूत भागेल का?

शहापूरकर_बेळगाव:
मंडळी, लेकीची दहावीची परीक्षा संपली की एप्रिलात कोरियाला जायचं ठरतंय. आम्ही चौघं: मी, बायको, लेक आणि आई. आई सत्तरी ओलांडलेली, माळकरी, कांदा-लसूणही सोडलाय. गुडघे कुरकुरतात, पण वारीची सवय आहे, सपाटीवर आमच्यापेक्षा जास्त चालते. लेकीला कोरियन मालिकांचं वेड, तिला सोल पाहिजे आणि राईड पाहिजेत. टूरवाल्यानं सोल-बुसान-जेजू असं धावतं पॅकेज हातात ठेवलंय, रोज नवं हॉटेल, रोज बॅगा बांधा. मला वाटतंय एकाच भागात राहून निवांत बघावं. ग्योंगजू या तिथल्या जुन्या गावाचं नाव कानावर आलंय. देवळं खरंच बघण्यासारखी आहेत का, आईच्या जेवणाचं काय, आणि लेक तोंड पाडून बसणार नाही ना? जाऊन आलेल्यांनीच सांगा, यूट्यूब आम्ही पण बघतोय.

चिकोडीकर:
एवढा पैसा घालून कोरियाला जायचं आणि सोल सोडायचं? ग्योंगजू एका दिवसात होतंय की. सोलहून केटीएक्स रेल्वे दोन तासांत पोचवते. सकाळी जावा, रात्री परत.

हलशीवाली:
चिकोडीकर, एका दिवसात होतंय ते फोटो काढणं. शहापूरकर, लेकीसाठी शेवटी सोलचा एखादा मुक्काम ठेव, बाकी सगळं ग्योंगजूतच काढ. माझा नवरा शेजारच्या उल्सानला जहाजाच्या यार्डात होता, तेव्हा सुट्टी मिळाली की आम्ही तिथंच पडलेले असायचो. सासूबाई आल्या तेव्हा त्यांनाही हिंडवलंय. म्हणून जरा अधिकारानं सांगते.

हे सिल्ला राज्याच्या राजधानीचं गाव. परंपरेनं राज्याचा काळ इ.स.पू. ५७ ते इ.स. ९३५ धरतात. गावाच्या मधोमध राजांच्या समाध्या आहेत, म्हणजे हिरवळीनं झाकलेल्या गोल टेकड्या, आजूबाजूच्या घरांपेक्षा उंच. देरुंगवोन बागेत फिरायला पैसे नाहीत. चोनमाचोंग नावाची एक समाधी आत जाऊन बघता येते, तिला तिकीट. १९७३ला ती खणली तेव्हा सोन्याचा मुकुट निघाला. तिथून चालत गेलं की चोमसोंगदे, राणी सोनदोकच्या काळातली (६३२ ते ६४७) दगडी वेधशाळा, साधारण ९ मीटर उंच. लेक म्हणेल, "एवढंच?" म्हणू दे. हा सगळा भाग सपाट आहे, आईला काही त्रास नाही.

पण जायचं ते बुल्गुक्सा या बौद्ध मठासाठी. ७५१ला किम देसोंग या मंत्र्यानं काम काढलं. १५९३ला जपानी फौजांनी जाळलं, त्यामुळे आज दिसतात ती लाकडी मंदिरं नंतरची. १९६९ ते ७३ मोठा जीर्णोद्धार झाला. दगडकाम मात्र जुनं आहे आणि नजर तिथंच लावायची. मुख्य अंगणात दोन दगडी मनोरे समोरासमोर उभे आहेत. दाबोताप नक्षीदार, चारी बाजूंनी पायऱ्या, वर खांब, त्यावर कठडे. सोक्गाताप अगदी साधा, तीन मजले, नक्षीचं नाव नाही. सगळे पहिल्याचे फोटो काढतात. सासूबाई मात्र साध्याकडे तोंड करून बसल्या आणि उठायलाच तयार नाहीत. १९६६ला त्याची दुरुस्ती करताना पोटातून लाकडी ठशांनी छापलेलं धारणीसूत्र, म्हणजे बौद्ध मंत्रांची पोथी, निघालं, जगातल्या सगळ्यात जुन्या छपाईच्या नमुन्यांत ते मोजतात.

समोरचे दगडी जिने चढायला बंद आहेत, बाजूनं आत जायचं, गुडघ्याच्या माणसाला बरंच. मंदिरात शिरताना मधल्या दारानं जायचं नाही, ते भिक्षूंचं. बाजूचं दार, चपला बाहेर, आत फोटो नाही. तिकीटही नाही, मे २०२३पासून बंद केलंय. आणि आत एका मंदिराच्या पाटीमागं कोरलेलं लाकडी डुक्कर आहे बघ. २००७ला ते कुणाच्या तरी नजरेला पडलं, तंवर कुणाला पत्ताच नव्हता. आता लोकांना हात लावायला म्हणून समोर एक सोनेरी डुक्कर बसवलंय, पैसा येतो म्हणे. आम्ही हलशीचे, घरापाशी भूवराहाचं देऊळ. सासूबाईंनी वराह म्हणून सरळ नमस्कार केला. मागचे दोन कोरियन आजोबाही मग हात जोडून वाकले.

वरच्या डोंगरात सोक्कुराम, बुद्धाचं गुहामंदिर. बुल्गुक्साहून १२ नंबरची बस जाते. पायवाट आहे, पण तासाभराची चढण, आईला नको. बदामीसारखी डोंगर कोरून केलेली ही लेणी नव्हेत. ग्रॅनाइटचे चिरे एकात एक बसवून घुमट रचलाय आणि वरनं माती टाकलीय. आत साडेतीन मीटरच्या आसपास बुद्ध, भूमिस्पर्श मुद्रेत. काचेमागूनच बघायचा. विसाव्या शतकातल्या जपानी अंमलात सिमेंट घालून दुरुस्ती केली, त्यानंतर आत ओल धरायला लागली, म्हणून आता यंत्रं लावून हवा कोरडी ठेवतात. काच आहे म्हणून चिडू नकोस, डाव्या बाजूला सरकून उभं राहिलं की उजेडाची चमक कमी होते.

शहापूरकर_बेळगाव:
अक्का, लई उपकार. पण जेवणाचं राहिलं की. आईचं तेच पहिलं विचारणं.

हलशीवाली:
मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तेच अवघड. कोरियात 'भाजी' म्हटलं तरी लसूण असतोच. किमचीत माशाचा किंवा कोळंबीचा खारवलेला रस, साध्या सोयाबीनच्या आमटीचं पाणीसुद्धा सुक्या माशाचं. हॉटेलवाला खोटं बोलत नाही, मटणाचा तुकडा नाही म्हणजे त्याच्या लेखी शाकाहारीच. म्हणून "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. मासा नको, अंडं नको, कांदा-लसूण नको असं कोरियनमध्ये लिहून घे आणि दाखव.

यावर उतारा देवळातच आहे. तिथल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा, लसूण, पात असल्या उग्र वासाच्या पाच भाज्याही चालत नाहीत. किमचीसुद्धा त्यांची वेगळी, बिनमाशाची. मठात मुक्काम करायची सोय असते, टेंपलस्टे म्हणतात, २००२च्या फुटबॉल वर्ल्डकपपासून सुरू झालं. बुल्गुक्सात आहे. गोल्गुलसा मठातही आहे, तिथं भिक्षूंची सोनमुदो ही युद्धकला शिकवतात. लेकीला ते आवडेल, पण तिथं चढ-उतार फार, आईसाठी बुल्गुक्साच बरं. उजाडायच्या आधी उठवतात. झोपणं जमिनीवर, पण जमीन खालनं गरम केलेली. पानातलं काही टाकायचं नाही. वाडग्याचं साग्रसंगीत जेवण असलं तर शेवटी वाडगा पाण्यानं धुऊन ते पाणीसुद्धा प्यायचं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या आज्ज्याची हीच पद्धत." १०८ नमस्कार घालायला लावतात, गुडघ्याचं सांगितलं की बसून हात जोडले तरी कुणी काही म्हणत नाही.

बाकीचे दिवस खोलीत भात करता येईल अशी जागा बघ. लाल चवळीसारख्या अझुकी कडधान्याचं गोड सारण भरलेला ह्वांगनाम पाव तिथला प्रसिद्ध, १९३९पासूनचा. चव पुरणाच्या जवळची आहे, पण पिठात अंडं घालतात, आईला देऊ नकोस.

निपाणीचा_मामा:
त्यात भर. विमान बुसानच्या गिम्हे विमानतळावर उतरवलं तर तिथून थेट ग्योंगजूची बस मिळते, सोल मागाहून करा. आणि गिम्हेतच राणी हो ह्वांग-ओकची समाधी आहे. तेराव्या शतकातल्या सामगुक युसा ग्रंथात कथा येते की ती 'आयुता' देशाची राजकन्या, जहाजातून आली आणि राजा सुरोची राणी झाली. बरेच जण ते अयोध्या म्हणून धरतात. खरं-खोटं इतिहासवाले बघतील, आईला सांगून बघा, ती विमानातून उतरल्या उतरल्या तिकडं चला म्हणेल. गूगल मॅपच्या भरवशावर राहू नका, तिथं तो चालायचा रस्ता धड दाखवत नाही. नेव्हर मॅप हे कोरियन ॲप घालून घ्या.

चिकोडीकर:
बरं, मी माघार घेतो. पण पोरीचं काय? देवळं, थडगी, परत देवळं. दहावी देऊन आलेली पोरगी आहे ती.

हलशीवाली:
पोरीची काळजी करू नका. बोमुन तळ्याकाठी ग्योंगजू वर्ल्ड आहे, तिथल्या द्राकेन रोलर कोस्टरवर गाडी वर नेऊन टोकाला क्षणभर थांबवतात आणि सरळ खाली सोडतात. मी खाली उभी राहून पर्स सांभाळली. तळ्याभोवती सायकली भाड्यानं मिळतात. संध्याकाळी ह्वांगनिदान गल्लीत हिंडू दे, जुनी कौलारू घरं, कॉफीची दुकानं, भाड्याचे हानबोक, म्हणजे कोरियन पारंपरिक कपडे, घालून फोटो. १० वॉनच्या नाण्यावर दाबोताप आहे, त्या नाण्याच्या आकाराचा चीज भरलेला पावही तिथंच.

अंधार पडल्यावर सगळे मिळून वोल्जी तळ्याला जा. ६७४चं राजवाड्याचं तळं, दिवे लागले की वाडा पाण्यात उलटा दिसतो. १९७५ला गाळ उपसला तेव्हा १४ बाजूंचा लाकडी फासा सापडला, दारूच्या बैठकीतला. प्रत्येक बाजूवर शिक्षा कोरलेली, नाच, गा, एका दमात पी असल्या. मूळ फासा वाळवताना जळून गेला. गंमत म्हणजे नक्कल मात्र दुकानात मिळते, लेकीला घेऊन दे.

एप्रिलचं एवढं लक्षात ठेव. चेरीचा मुख्य बहर महिन्याच्या सुरुवातीलाच येतो, परीक्षा संपेपर्यंत झडलेला असणार. पण बुल्गुक्साच्या वाटेवर दाट पाकळ्यांची दुसरी चेरी आहे, ती महिन्याच्या मध्यानंतर फुलते. त्या बेतानं तिकीट काढ. व्हिसा इथूनच काढून जायचाय, विमानतळावर मिळत नाही.

शहापूरकर_बेळगाव:
आईला सगळं वाचून दाखवलं. डुक्कर ऐकून हसली, मग गंभीर होऊन विचारते, मध्ये एकादशी आली तर काय खायचं?

हलशीवाली:
रताळी. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांत गरम भाजलेली मिळतात. शेंगदाण्याचं कूट आणि साबुदाणा तेवढा घरून ने.