पाळीच्या आधी सारखी लघवी, मनाचे खेळ नाहीत ते

ताई, तुम्ही लिहिलंय की पाळीच्या चार दिवस आधीपासून दर अर्ध्या तासाला लघवीला जावं लागतं, रिपोर्ट नॉर्मल, आणि घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. अजिबात नाहीत हो! मलाही व्हायचं, नाशिकहून पुण्याला निघताना स्टँडवर जाऊन यायचे तरी सिन्नर येईपर्यंत परत जीव कासावीस, मग काय, दिवसभर पाणीच प्यायचे नाही, आणि तेच चुकत होतं कारण लघवी घट्ट झाली की मूत्राशयाला अजूनच टोचते.

गर्भाशय मूत्राशयाला अगदी टेकून असतं आणि मूत्राशय, मूत्रमार्ग दोन्हीकडे इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश पकडणाऱ्या जागा, असतात, त्यामुळे हार्मोन वरखाली झाले की तिथेही जाणवतं. शिवाय पाळीआधी काहींच्या अंगात पाणी धरतं, पाळी सुरू झाली की ते उतरायला लागतं, म्हणून तेव्हाही फेऱ्या वाढू शकतात.

मला खरा उपयोग झाला तो वहीचा. तीन महिने पाळीची तारीख, किती वेळा गेले, चहा किती, सगळं लिहिलं आणि डॉक्टर मॅडमना दाखवलं तेव्हा कुठे नीट बोलणं झालं. त्या आठवड्यात चहा चार कपांवरून दोनवर आणला, फरक पडला.

जळजळ, ताप किंवा लघवीत रक्त असेल तर मात्र थांबू नका. आणि दर पाळीला लघवी करताना दुखत असेल तर एन्डोमेट्रिओसिसचं (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं तो आजार) डॉक्टरांना स्वतःहून विचारा, लघवीचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी ते असू शकतं.