मदत हवी आहे: कोंडवाड्यातल्या कुत्र्यांसाठी काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

कुत्रेप्रेमी विरुद्ध कुत्रेग्रस्त असा सामना इथे सुरू करू नका, ही आधीच विनंती. माझ्या भाच्याच्या पोटरीला कुत्रं चावलंय, त्याच्या इंजेक्शनांच्या फेऱ्या मीच मारल्यात. लोकांची भीती मला कळते. प्रश्न वेगळा आहे.

आमचं तालुक्याचं गाव. जुन्या कोंडवाड्याच्या जागेत नगरपरिषदेचं निर्बीजीकरण केंद्र चालतं, काम ठेकेदाराकडे. पूर्वी कुत्री न्यायची, ऑपरेशन करायचं, चार-पाच दिवस ठेवून होती तिथे सोडायची, असं चालायचं. मग सर्वोच्च न्यायालयाचा ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश आला: शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत तिथे सोडू नका. आमच्याकडे 'निवारा' म्हणजे तेच जुने पिंजरे. चार दिवसांसाठी बांधलेल्या जागेत आता कुत्री कायमची.

स्टँडवर चहाच्या टपरीखाली झोपणारी एक म्हातारी कुत्री त्यात गेली. तिला बघायला म्हणून गेले. वॉचमनकाकांनी आत सोडलं. एकेका पिंजऱ्यात सहा-सात. त्याच दिवशी ऑपरेशन झालेली मादी दोन दांडग्या नरांसोबत, टाक्यांना माश्या बसलेल्या. पाण्याची घमेली उपडी पडलेली. काका म्हणाले, "ताई, बोअर बंद आहे, मी घरून दोन कॅन आणतो." महिन्याभरात त्यांचा पगारही झालेला नव्हता.

माझी अडचण इथेच आहे. तक्रार केली तर दार बंद होणार आणि पहिली कुऱ्हाड काकांवर पडणार. गप्प बसले तर मी दर रविवारी पोळ्या नेत राहायच्या, एवढंच. फोटो आहेत, पण कुठे टाकलेले नाहीत. मला कुणाला बदनाम करायचं नाही. पाणी, वेगवेगळे पिंजरे आणि जनावरांच्या डॉक्टरांची नियमित फेरी, इतकंच हवंय. सुरुवात कुठून करू?

— आंबेमोहर

वाटसरू: फोटो फेसबुकवर टाकू नका, निदान आत्ता तरी. आमच्या गावात एकाने व्हिडिओ टाकला. दोन दिवस हळहळ, तिसऱ्या दिवशी गेटला नवं कुलूप, आणि निम्मी कुत्री रातोरात हायवेला सोडून दिलेली.

कागदावर चला. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे स्थानिक देखरेख समिती असावी लागते. तिचा अध्यक्ष स्थानिक संस्थेचा प्रमुख अधिकारी, म्हणजे तुमच्याकडे मुख्याधिकारी. प्राणी कल्याण संस्थांचे प्रतिनिधीही तिच्यात असतात. बहुतेक गावांत ही समिती कागदावरच असते, पण ती आहे का हे विचारलं की साहेबांना ती आठवते. केंद्राला भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यताही लागते, तिची प्रत मागा.

माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. कुत्री कधी आणली, कुठून, किती मेली, ही नोंदवही मागा. 'पाणी का नाही' असं विचारू नका. 'का'ला उत्तर देणं त्यांना बंधनकारक नाही, असलेला कागद देणं आहे. त्याच कायद्यात कामाची आणि कागदपत्रांची पाहणी करण्याचाही हक्क आहे. तो मागितलात तर तुम्ही आत जाता ते काकांच्या मेहेरबानीने नाही. त्यांचं नाव कुठेच येत नाही.

शेवगा: वरचं सगळं बरोबर, पण थेट माहिती अधिकार म्हणजे लग्नाच्या बोलणीला वकील नेण्यासारखं. आधी मुख्याधिकाऱ्यांना साधं पत्र द्या: आम्ही दहा जण रविवारी दोन तास येऊ, गोणपाट आणू, साफसफाई करू, परवानगी द्या. सह्यांमध्ये भाच्याच्या आई-वडिलांची सही घ्या. कुत्रं चावलेल्या घराची सही असली की 'तुम्हाला कुत्र्यांचा पुळका' म्हणायची सोय राहत नाही. पत्राची पोच घ्यायला विसरू नका. उत्तर नाही आलं तर जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, पण अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

वाटसरू: शेवगा, पत्र आधी, मान्य. पण माहिती अधिकाराचे तीस दिवस तोवर वाया का घालवायचे? दोन्ही एकदम टाका. आणि आंबेमोहर, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, लांबण लावू नका.

आंबेमोहर: दोघांचेही आभार. पत्र आज दिलं, पोच घेतली. वहिनीने सही केली, आधी नाही म्हणाली होती. माहिती अधिकाराचा अर्ज लिहून काढला तर १६८ शब्द झाले. पाहणीची मागणी आणि नोंदवही एकाच विषयात बसतील, की दोन अर्ज करू? आणि डॉक्टरांच्या भेटींची नोंद त्यात घालायची राहिलीच आहे.