दुसऱ्यांच्या ब्लॉगवरची पोस्ट सुचवताना सांगायचं किती? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

दर महिन्याच्या शेवटी मी माझ्या ब्लॉगवर एक 'वाचलं, आवडलं' पोस्ट टाकते. इतर ब्लॉगरांनी लिहिलेल्यापैकी जे लक्षात राहिलं त्याच्या लिंका आणि सोबत माझ्या चार ओळी. अडचण अशी की खाली 'छान उपक्रम', 'वाचायलाच हवं' अशा प्रतिक्रिया भरपूर येतात, पण ज्यांची लिंक दिली त्यांना विचारावं तर तिकडे फारसं कुणी फिरकलेलं नसतं. कौतुक माझ्या यादीचं होतं, मूळ लेखन तिथेच पडून राहतं.

आधी नुसतं शीर्षक, लिंक आणि 'जरूर वाचा' एवढंच लिहायचे. मग सविस्तर लिहून पाहिलं: विषय काय, मुद्दा कोणता, शेवट कुठे होतो. तर लोक माझ्या सारांशावरच वाद घालायला लागले. मूळ लेखिका काही बोलली नाही, पण मलाच ते बरं वाटेना.

मुख्य प्रश्न हाच, की सांगायचं किती आणि काय? त्याशिवाय, लिंक देण्याआधी परवानगी घ्यावी का? आणि नवे ब्लॉग नजरेत ठेवायला तुम्ही काय वापरता? गूगल रीडर (ब्लॉगांवरच्या नव्या पोस्ट एका जागी दाखवणारी सेवा) 1 जुलै 2013 ला बंद झाल्यापासून माझं सगळं बुकमार्क आणि आठवणीच्या भरवशावर चाललंय. त्यामुळे यादीत तेच ते ब्लॉग येतात, शिवाय ओळखीच्यांना वाटतं की आपला नंबर लागायलाच हवा.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

यादी किती मोठी असते? दहा लिंका एका दमात दिल्या तर वाचक एकही उघडत नाही, 'नंतर बघू' म्हणतो. मी तीनच्या वर जात नाही. ओळखीच्यांचा प्रश्नही त्यातच सुटतो. जागाच कमी असते, कुणी रुसत नाही. (रुसतात, पण कमी.)

प्रतिसाद

परवानगीबद्दल: सार्वजनिक पोस्टची लिंक द्यायला सहसा कुणी परवानगी मागत नाही. उतारा घ्यायचा तर दोन-तीन ओळी, अवतरणात, नावासकट. अख्खी पोस्ट चिकटवून खाली 'साभार' लिहिणं ही शिफारस नव्हे. फोटो विचारल्याशिवाय उचलू नयेत, आणि स्क्रीनशॉट तर नकोच, कारण मजकूर तिथेच वाचून होतो. टोपणनावाने लिहिणाऱ्याचं खरं नाव तुम्हाला ठाऊक असलं तरी टोपणनावच द्या.

लेखकाला मात्र स्वतःहून कळवा. ट्रॅकबॅक (लिंक दिल्याचं मूळ ब्लॉगला कळवणारी सोय) 2002 मध्ये मूव्हेबल टाइप या ब्लॉगिंग सॉफ्टवेअरने आणलं तेव्हा ही वर्दी आपोआप जायची, पण स्पॅमने त्याचं वाटोळं केलं. वर्डप्रेसचं पिंगबॅक, म्हणजे तशीच सोय, तीही त्याच कारणाने अनेकांनी बंद ठेवलंय. आणि आता ब्राउझर बहुधा फक्त साइटचं नाव पुढे पाठवतात, नेमकं पान नाही. म्हणजे वाचक तुमच्याकडून आले हे लेखकाला आकडेवारीत दिसेल, पण कुठल्या पोस्टमधून ते कळणार नाही.

प्रतिसाद

रीडर बंद झाला, फीड (ब्लॉगच्या नव्या पोस्ट रीडरला पुरवणारा पत्ता) नाही! इनोरीडर, फीडली, कुठलाही घ्या. वर्डप्रेसवर ब्लॉगच्या पत्त्यापुढे स्लॅश फीड, ब्लॉगरवर स्लॅश फीड्स स्लॅश पोस्ट्स स्लॅश डिफॉल्ट. यादी ओपीएमएल फाइलमध्ये (फीडची यादी ठेवायचा फाइलप्रकार) उतरवून ठेवा, उद्या हाही रीडर बंद पडला तर दुसरीकडे नेता येते. नवे ब्लॉग शोधायची माझी जागा म्हणजे आवडत्या ब्लॉगच्या खालचे प्रतिसाद. नीट विचार करून प्रतिसाद देणाऱ्याचा स्वतःचा ब्लॉग बहुतेक वेळा वाचण्यासारखा निघतो.

जुन्या लिंका मरतात, म्हणून सुचवतानाच वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात त्या पानाची प्रत जतन करते. पण लेखकाने स्वतःच पोस्ट काढली असेल तर ती प्रत मी पुढे करत नाही. त्याने काढली, विषय संपला.

प्रतिसाद

मुख्य प्रश्नाला कुणी हातच लावला नाही! माझं मत: विषय सांगू नका, निष्कर्ष सांगू नका, एक तपशील सांगा. जो वाचताना तुम्ही थांबलात तो. 'माहितीपूर्ण' हा शब्द कुठल्याही पोस्टला चिकटतो, म्हणून वाचक तो वाचतच नाही. एखादी शिफारस इथे टाका, बघू.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. या महिन्याची एक अशी होती: 'घड्याळदुरुस्तीवर अतिशय माहितीपूर्ण लेख. जरूर वाचा.' (हसू नका.) आता असं केलंय: 'मागे पडणारं घड्याळ दुरुस्तीला आलं की हा ब्लॉगर ते लगेच उघडत नाही, आधी कानाला लावतो. काय ऐकतो, ते वाचून थक्क व्हाल!'

प्रतिसाद

पहिलं वाक्य झकास. दुसरं काढा. थक्क व्हायचं की नाही ते वाचक ठरवेल, आणि असल्या 'थक्क व्हाल'ला लोक इतके विटलेत की चांगली पोस्टही त्यात मारली जाते. त्याऐवजी पोस्ट केवढी आहे ते लिहा. दहा मिनिटांचं वाचन आहे हे आधी कळलं तर मी सवडीने उघडतो, नाहीतर अर्ध्यावर सोडून देतो.

धागाकर्ती

काढलं. 'लांब आहे, आकृत्याही आहेत, मोबाइलपेक्षा मोठ्या पडद्यावर वाचा' असं जोडलं. लेखकाला निरोप पाठवलाय.

फीड रीडरमध्ये ब्लॉग भरायला घेतले आहेत. एका ब्लॉगचं फीड सापडतं, पण पोस्टच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकी मजकूर येत नाही. ही त्या ब्लॉगरची सेटिंग असते की माझ्याकडे काही बदलावं लागेल?