मदत हवी आहे: लाजाळूवर भुलीचं जेल लावलंय, पण रिझल्ट खरा की खोटा?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. मुलगी अकरावीत, बायोचं प्रोजेक्ट, विषय तिनेच शोधला की केमिकल लावलं तर लाजाळू मिटायची थांबते का. क्लोद बर्नार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ च्या पुस्तकात लिहिलंय म्हणे, लाजाळूला ईथर हुंगवलं की ती सुन्न पडते आणि ईथर काढलं की परत पहिल्यासारखी. ईथर मी घरात येऊ देणार नाही, ठिणगी लागली की भडका. मग मेडिकलवरून लिडोकेन जेल आणलं.

आता प्रॉब्लेम असा की जेल लावायला हात लावला की पान तिथेच मिटतं, वीस मिनिटं थांबा, उघडलं की परत हात लावून बघा, दोन-चार वेळा असं केल्यावर ते अर्धवटच मिटतं. पोरगी नाचली, जेल चाललं! मला वाटतं बिचारी कंटाळलीय. ऑफिसातून आल्यावर सात-साडेसातला करतो आम्ही हे सगळं. कोणी जाणकार?

— — —

ताई/दादा, सातला नका करू हो! संध्याकाळी लाजाळू तशीही पानं मिटून झोपते. सकाळी करा, पोहे खाऊन झाले की.

दुसरं, दोन कुंड्या घ्या. एकीला जेल, दुसरीला नुसती ग्लिसरीनसारखी बिनऔषधाची चिकट वस्तू, हात सारखेच लावा. वारंवार हात लावला की लाजाळू दाद देणं कमी करते, त्यामुळे दुसरी कुंडी नसेल तर काहीच सिद्ध होत नाही.

आणि जेल पानावर नाही, देठाच्या बुडाशी जो फुगीर सांधा असतो तिथे लावा, हालचाल तिथून होते. सिग्नल आला की तिथल्या पेशींतून पोटॅशियम-क्लोराइड बाहेर पडतं, मागोमाग पाणी, एक बाजू ढिली पडते आणि देठ खाली. लिडोकेन आपल्या नसांमधली सोडियमची वाट अडवतं, लाजाळूचा सिग्नल मुख्यतः कॅल्शियम, क्लोराइड, पोटॅशियमवर चालतो, तेव्हा जेलने फरक पडला नाही तर रडू नका म्हणावं. २०२२ मध्ये जपानी मंडळींनी कॅल्शियमची वाट बंद करून पानं मिटायची थांबवली होती, मग टोळांनी तीच पानं जास्त खाल्ली.

— — —

अहो मी दादा. झोपते हे माहीतच नव्हतं, पोरगी माझ्याकडे बघतेय नुसती. रविवारी सकाळी करतो. ग्लिसरीन मेडिकलवरचंच चालेल ना, की पातळ करू?