‘न आलेले गेम म्हणजे सगळ्या थापा’ म्हणणाऱ्यांसाठी

टेपवाला:
काल इथेच एकांनी ठोकून दिलं की बाजारात न आलेल्या गेमचं प्रोटोटाइप कार्ट्रिज (कंपनीची नमुना प्रत) दिसलं की समजावं बनाव. चिपमध्ये रॉम (गेमची फाइल) भरायची, वर जुनं लेबल डकवायचं आणि भोळ्यांच्या गळ्यात मारायचं. पुराव्यादाखल काय, तर पॉलिबियस नावाच्या गेमची दंतकथा! रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा.

पॉलिबियस थाप आहे, त्यावर वादच नाही. म्हणे 1981 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या आर्केडमध्ये (पैसे टाकून गेम खेळायच्या दुकानात) हे मशीन आलं, मुलं आजारी पडली, काळ्या सुटातली माणसं येऊन माहिती घेऊन गेली. मशीन आजवर कुणाला सापडलं नाही, चिप नाही, रॉम नाही. मोठ्या मासिकात नाव येतं ते थेट 2003 मध्ये, गेमप्रोत. पण म्हणून सगळे एकाच माळेचे मणी?

‘मदर’ हा गेम घ्या. 1989 ला जपानमध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेमयंत्रावर आला. इंग्रजी आवृत्ती ‘अर्थबाउंड’ नावाने तयार झाली आणि निन्टेंडोने काढलीच नाही. 1998 मध्ये प्रोटोटाइपची रॉम नेटवर आली तेव्हा असेच शहाणे म्हणाले, कुणा चाहत्याने भाषांतर करून घुसडलंय. मग 2003 मध्ये गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर जपानीत ‘मदर 1+2’ आला आणि त्यात इंग्रजी प्रोटोटाइपमधलाच वाढवलेला शेवट निघाला. चाहत्याची करामत कंपनीने उचलली असं म्हणायचं का? 2015 ला निन्टेंडोने तो गेम स्वतः आपल्या वी यू यंत्रावर काढला. इतकी वर्षं ज्यांना खोटारडे म्हटलं, त्यांची माफी कुणी मागितली?

स्पष्ट_सांगलीकर:
ते विधान माझं. मागे घेत नाही.

तुमच्या एका उदाहरणाला कंपनीचा शिक्का मिळायला 17 वर्षं लागली. तोवर शंका घेणारे मूर्ख नव्हते. रॉम टाकणाऱ्यांनीच शीर्षकात पदरचं ‘झीरो’ जोडलं होतं ना? मग लोकांनी काय समजायचं?

मी हे हवेत बोलत नाही. सहा वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून ‘नमुना प्रत’ घेतली, दोन महिन्यांच्या घरभाड्याएवढे पैसे मोजून. लेबल पिवळं, कडा कुरतडलेल्या, हाताने लिहिलेली तारीख. घरी आल्यावर स्क्रू काढले. जुन्या ईप्रॉमला, म्हणजे नमुना प्रतीतल्या पुसता येणाऱ्या चिपला, मध्ये काचेची खिडकी असते, आतला सिलिकॉनचा चौकोन दिसतो. इथे खिडकीच नाही. चकचकीत नवी फ्लॅश चिप, डाखाचा वास अजून येत होता. लेबलाच्या कोपऱ्याला जीभ लावली तर चहा, म्हणजे चहा लावून जुनं दाखवलेलं! बायकोला आजतागायत खरा आकडा सांगितलेला नाही.

अनघा_नाशिक:
सांगलीकर, वाईट वाटलं. पण फसलो म्हणून सगळं जग चोर, हे पटत नाही.

आमच्या वाड्यात एकाकडे टीव्हीला जोडायचा समुराई व्हिडिओ गेम होता, त्यावर ‘मारिओ 16’ लागायचा. कॉलेजात कुणी विश्वास ठेवला नाही. मी शपथेवर सांगायचे, मारिओ गुहेत डायनोसॉरशी भांडतो. पुढे कळलं, ‘जो अँड मॅक’ या दुसऱ्याच गेममध्ये मारिओचं डोकं बसवलेलं. गेम नकली, पण माझी आठवण खरी होती ना?

‘मारिओ 64’ या गेममधल्या लुइजीचंही, म्हणजे मारिओच्या भावाचंही, तेच. अंगणातल्या पुतळ्यावरच्या पुसट अक्षरांना लोक ‘एल इज रिअल 2401’ (एल म्हणजे लुइजी) वाचायचे आणि त्यांना वेड्यात काढलं जायचं. जुलै 2020 मध्ये निन्टेंडोच्या फायली फुटल्या, त्यात लुइजीचं मॉडेल निघालं.

स्पष्ट_सांगलीकर:
ताई, इथेच गल्लत होते. अफवा काय होती? गेममधले अमुक तारे गोळा केले की लुइजी मिळतो. विकलेल्या कार्ट्रिजमध्ये तो नव्हता, नाहीच. बनवणाऱ्यांनी आधी विचार केला आणि काढून टाकला, ही वेगळी गोष्ट. अफवा खोटी ती खोटीच.

अनघा_नाशिक:
बरं, हा मुद्दा तुमचा. पण ‘काहीच नव्हतं’ म्हणणारेही चुकलेच, तेवढं तुम्हीही लिहा.

चिप_मेकॅनिक:
खरं-खोटं करत बसलाय, मूळ दुखण्याला कुणी हात लावत नाही. अस्सल प्रोटोटाइप कपाटात कुलूपबंद करून ठेवणारे संग्राहक, ते दुखणं! ईप्रॉममध्ये माहिती म्हणजे कोंडलेला विद्युतभार. खिडकीवरचा स्टिकर पडला आणि ऊन लागत राहिलं की पुसली जाते. स्टिकर असला तरी भार हळूहळू गळतो, काही दशकांत बिट उडायला लागतात. डंप न करणं, म्हणजे चिपमधली रॉम उतरवून न ठेवणं, म्हणजे गेम मारणं. आणि हे लोक चिप दाखवत नाहीत म्हणूनच चहावाल्या लेबलांचा बाजार चालतो.

कपाटवाला:
मारणं? जरा जपून बोला. पैसे मी मोजायचे, कस्टम मी भरायचं आणि रॉम तुम्हाला फुकट? डंप झाला की वस्तूची किंमत पडते, हे कुणी भरून देणार आहे का?

चिप_मेकॅनिक:
किंमत पडते हे कुणी सांगितलं? निन्टेंडो आणि सोनीने मिळून केलेलं, बाजारात न आलेलं ते सीडीवालं गेमयंत्र बघा. 2015 ला फोटो आले तेव्हा फोटोशॉप म्हणून हिणवलं. मालकाने लपवून ठेवलं नाही, गावोगाव नेऊन दाखवलं, उघडू दिलं, दुरुस्त करू दिलं. 2020 च्या लिलावात 3,60,000 डॉलरला गेलं. उघडून दाखवलं म्हणूनच विश्वास बसला.

कपाटवाला:
ते यंत्र होतं, एकुलतं एक उरलेलं. गेमची रॉम एका क्लिकवर हजार ठिकाणी जाते. दोन्ही एका तागडीत तोलू नका. आणि मला खुनी ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

टेपवाला:
शब्द आवरा दोघांनी. कपाटवाले, 1998 ला ‘अर्थबाउंड’च्या डंपसाठी चाहत्यांनी वर्गणी काढली होती. फुकट कुणी मागितलं नव्हतं. गणपतीला काढतो तशी आपणही काढू.

स्पष्ट_सांगलीकर:
चिप उघडून दाखवा, रॉम वाचू द्या, मग मी मानतो. ‘सगळ्या थापा’ऐवजी ‘डंप नाही तोवर थाप’ असं वाचा. यापुढे एक पाऊल हलणार नाही.

कपाटवाला:
माझ्याकडे तीन आहेत. दोन ओळखीचे निघाले. तिसऱ्यावर फक्त आकडे लिहिलेत आणि खिडकीवरचा स्टिकर अर्धा सुटलाय. मेकॅनिकने ऊन म्हटल्यापासून ते खोकं गादीखाली ठेवलंय. वर्गणी नको, रॉम कुणाला द्यायची ते मी ठरवीन. पुण्यात ईप्रॉम रीडर कुणाकडे आहे?

चिप_मेकॅनिक:
माझ्याकडे, कोथरूडला. स्टिकरवर आजच काळी टेप लावा, सोलू नका. रविवारी या, चिप तुमच्याच हातात राहील.