एक दिवसाआडचा गजर: फोनसोबत येणारं सॉफ्टवेअर आपल्या गरजांच्या मागे पडलंय का?

काजवा

आईला एक गोळी एक दिवसाआड घ्यायची असते. फोनमधल्या घड्याळात गजर लावायला गेलो, तर तिथे सोमवार ते रविवार एवढीच निवड. आठवड्याचे दिवस सात, आणि सात विषम. या आठवड्यात सोम, बुध, शुक्र, रवि आले की पुढच्या आठवड्यात मंगळ, गुरु, शनि येतात. म्हणजे दर आठवड्याला कुणीतरी गजर बदलत बसायचं. ज्याला लक्षात राहत नाही म्हणून गजर लावायचा, त्याच्याच डोक्यावर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायचं ओझं.

मग वेगळं ॲप घेतलं. काही दिवस नीट वाजलं. पुढे फोनच्या बॅटरी बचतीने ते पडद्यामागे बंद करून टाकलं आणि दोन गोळ्या चुकल्या. पाकिटातल्या गोळ्या मोजल्या तेव्हा कुठे कळलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दुखणं एकाच कंपनीचं नाही.

माझं म्हणणं असं: फोन बनवणारे स्वतःचं सॉफ्टवेअर आपल्या गरजेच्या वेगाने सुधारत नाहीत, विक्रीच्या वेळापत्रकाने सुधारतात. पहिला आयफोन २००७ साली आला, त्यात कॉपी-पेस्ट आलं २००९ साली. वेब उघडायला आपल्या पसंतीचा ब्राउझर कायमचा ठरवायची मुभा आयफोनवर मिळाली २०२० मध्ये. अँड्रॉइडमध्ये पडद्याचं रेकॉर्डिंग मूळ प्रणालीत आलं तेही २०२० मध्ये, अकराव्या आवृत्तीत. आणि आयपॅड २०१० चा, पण त्याला कॅल्क्युलेटर मिळाला २०२४ मध्ये! दरम्यान कॅमेऱ्यात दरवर्षी काहीतरी नवं येतच होतं. कॅमेरा जाहिरातीत दिसतो, गजर दिसत नाही.

तुमचे अनुभव आणि विरोधी मतं, दोन्ही वाचायला आवडतील.

उंबरठा

गोळ्या चुकल्या हे वाईटच झालं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

प्रत्येकाची प्रत्येक गरज कंपनीनेच भागवायची असेल, तर फोन हातात येतानाच शेकडो ॲप्सनी भरलेला असेल. मग आपणच तक्रार करू की जागा खाल्ली आणि काढताही येत नाहीत. म्हणून तर २००८ मध्ये ॲप स्टोअर आलं. सुरुवातीला त्यात जेमतेम पाचशे ॲप्स होती. मूळ फोन साधा, बाकी ज्याचं त्याने निवडावं, ही विभागणी मला शहाणपणाची वाटते.

शिवाय तुम्ही ज्याला दिरंगाई म्हणता ते बऱ्याचदा बाहेरच्यांना प्रयोग करू देणं असतं. टॉर्चचं बघा. आधी लोक टॉर्चसाठी वेगळं ॲप घ्यायचे. मग २०१३ मध्ये आयओएस ७ मध्ये (आयओएस म्हणजे आयफोनची प्रणाली) आणि २०१४ मध्ये अँड्रॉइड ५ मध्ये ती वरून किंवा खालून बोट ओढलं की मिळायला लागली. काय हवंय हे लोकांनी दाखवलं आणि कंपन्यांनी ते उचललं. यालाच तर गरजेबरोबर चालणं म्हणतात.

गारगोटी

उंबरठा, टॉर्चचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. मधल्या काळात काय झालं तेही सांगा. ‘ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाचं अँड्रॉइड ॲप कोट्यवधी लोकांनी घेतलं होतं. ते वापरणाऱ्याचं ठिकाण आणि फोनची ओळख जाहिरातवाल्यांपर्यंत पोचवत होतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर कारवाई केली डिसेंबर २०१३ मध्ये. फोनच्या मागचा एक दिवा लावायला लोकांनी आपला ठावठिकाणा दिला, कारण दिवा होता पण बटण दिलेलं नव्हतं. दिरंगाईची किंमत कंपनी मोजत नाही, वापरणारा मोजतो.

आता गजराकडे येतो, कारण मला तोच कळीचा वाटतो. ‘बाहेरचं ॲप घ्या’ हा सल्ला तेव्हाच खरा, जेव्हा बाहेरच्या ॲपला घरच्या ॲपइतकी ताकद मिळते. ती मिळत नाही. अँड्रॉइड ६ मध्ये २०१५ साली डोझ आलं. फोन पडून असला की पडद्यामागची कामं थोपवून धरायची, ही त्यामागची कल्पना. त्यात गजराच्या ॲपला सूट ठेवलेली आहे, म्हणजे मूळ प्रणालीने विचार केला होता. पण बऱ्याच कंपन्या त्यावर स्वतःची बॅटरी बचत चढवतात, आणि ती ॲप सक्तीने थांबवते. ॲप असं थांबवलं की त्याने लावून ठेवलेले गजरही रद्द होतात. काजवा, तुमच्याकडे बहुधा हेच झालं असणार. पुन्हा वर अँड्रॉइड १२ पासून नेमक्या मिनिटाला वाजायचं असेल तर ॲपला वेगळी परवानगी लागते.

आयफोनवरही काही वेगळं नव्हतं. फोन मूक असतानाही खणखणीत वाजणारा गजर वर्षानुवर्षं फक्त ॲपलच्याच घड्याळाकडे होता. बाहेरच्यांना ती सोय ‘अलार्मकिट’मधून मिळाली आयओएस २६ सोबत, २०२५ मध्ये. तोपर्यंत अपवाद म्हणून ॲपलची खास मंजुरी घेतलेली ॲप्स तेवढी होती.

स्वतः करायचं नाही आणि दुसऱ्याला करू द्यायचं नाही, ही अडवणूक आहे.

शब्दस्पर्श

मी पूर्ण अंध आहे. हा प्रतिसाद स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, ऐकत लिहितोय. काजवांशी मी असहमत आहे, आणि ते ठामपणे.

बटणांच्या फोनवर मी बोटांनी चाचपून नंबर लावायचो. स्क्रीन रीडर हवा असेल तर तो वेगळा विकत घ्यायचा, आणि फोनवर चढवायला डोळस माणूस शोधायचा. मग गुळगुळीत काचेचे फोन आले. त्या काचेवर बोटाला काहीच लागत नव्हतं, आणि आता फोन आपल्या हातून गेला असं मला वाटलं होतं. २००९ मध्ये आयफोन ३जीएसमध्ये व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर फोनमध्येच आला. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅकही त्याच वर्षी. त्यानंतर काही वर्षांनी मी नवा फोन खोक्यातून काढून, कुणालाही हाक न मारता, पहिल्या पडद्यापासून स्वतः सुरू केला. तो दिवस मी विसरलेलो नाही.

हे बाहेरच्या ॲपला जमलं नसतं. पडद्यावरचं प्रत्येक बटण, प्रत्येक ॲपमधला मजकूर वाचायचा तर प्रणालीच्या आतच बसावं लागतं. काही गरजा अशा असतात की त्या कंपनीनेच भागवायच्या, आणि इथे त्या भागवल्या. आमची संख्या बाजाराच्या हिशोबात थोडी, तरीही.

तक्रारी मलाही आहेत. मोठ्या अपडेटनंतर कधीकधी एखादं बटण मुकं होतं, नाव सांगायचं सोडून नुसतं ‘बटण’ एवढंच बोलतं, आणि पुढच्या दुरुस्तीपर्यंत महिना जातो. तरीही ‘आमच्या गरजेकडे पाहिलंच नाही’ असं मी म्हणू शकत नाही.

पाणवठा

वेगाची चर्चा ठीक आहे, पण कोणत्या फोनवरचा वेग? पिक्सेल ८ ला गूगलने २०२३ मध्ये सात वर्षं अपडेट देऊ म्हटलं, सॅमसंगने २०२४ मध्ये एस२४ साठी तसंच. त्याआधी अँड्रॉइड फोनला दोन-तीन मोठ्या आवृत्त्या मिळाल्या तरी पुष्कळ म्हणायचे. नवी सोय आली तरी जुन्या फोनवर पोचतच नसेल तर तिचा उपयोग काय? युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियमच लागू केला: त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं प्रणालीचे अपडेट द्यायचे. कायद्याने सांगावं लागलं यातच काय ते समजा.

उंबरठा

गारगोटी, अडवणुकीचा मुद्दा मानला. टॉर्चचाही. पण बॅटरी बचत कुणी मागितली होती? आपणच. फोन दुपारीच मान टाकतो म्हणून ओरड आपलीच होती. कंपनीने ऐकलं, जरा जास्तच ऐकलं. एका गरजेने दुसरीचा पाय ओढला, त्यात दुर्लक्ष कुठे दिसतं?

आणि काजवा, औषधांबद्दल तुम्ही म्हणता तसं सगळीकडे नाही. आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये २०२२ पासून, आयओएस १६ पासून, औषधांची यादी आणि आठवण आहे. दर काही दिवसांनी घ्यायची औषधंही त्यात बसतात. आयओएस १७ मध्ये तर गोळी घेतल्याची नोंद अर्ध्या तासात केली नाही की पुन्हा आठवण करून द्यायची सोय आली. कॅलेंडरमध्येही ‘दर दोन दिवसांनी’ करता येतंच की. एक दिवसाआड दिलं तर उद्या कुणी एकवीस दिवस चालू, सात दिवस बंद मागेल. याला अंत कुठे?

मधला खण

मी काही वर्षं एका फोन कंपनीत सोबत येणाऱ्या ॲप्सवर काम केलं, म्हणून थोडं आतलं सांगतो. घड्याळ, संपर्क, फाइल्स या ॲप्सवर माणसं अगदी मोजकी असायची. नवा फोन बाजारात यायची तारीख ठरलेली, आणि त्या दिवशी मंचावर दाखवता येईल तेच आधी हाती घ्यायचं. ‘एक दिवसाआड’सारखी मागणी आम्हाला माहीत नव्हती असं नाही. वापरणाऱ्यांच्या पत्रांत ती यायची. दर वेळी ‘पुढच्या आवृत्तीत’ म्हणून सरकायची.

उंबरठांचा ‘अंत कुठे’ हा प्रश्न आमच्या बैठकांमध्येही निघायचा आणि विषय तिथेच संपायचा. पण त्याचं उत्तर अवघड नव्हतं. ‘दर इतक्या दिवसांनी’ एवढा एक रकाना आणि सुरुवातीची तारीख. एकवीस-सातसाठी ‘इतके दिवस चालू, इतके बंद’ असे आणखी दोन रकाने. कामाच्या मानाने ते छोटंच होतं, पण त्याचा आग्रह धरणारं कुणी बैठकीत नसायचं. मीही पुरेसा धरला नाही, आणि हा धागा वाचून त्याचं वाईट वाटतंय.

काजवा

शब्दस्पर्श, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ‘गरजेच्या वेगाने सुधारत नाहीत’ हे माझं वाक्य सरसकट होतं, ते मागे घेतो. जिथे कुणीतरी आत बसून आग्रह धरला तिथे काम झालं, आणि ते फार मोठं काम होतं.

उंबरठा, कॅलेंडर करून पाहिलं होतं. ते एकदा टिंग करतं आणि गप्प होतं. आई दुसऱ्या खोलीत असते, तिला कमी ऐकू येतं. बंद करेपर्यंत वाजत राहणारा तो गजर, एकदा चमकून जाणारी ती सूचना. तिला गजर हवाय. आयफोनमधल्या सोयीबद्दल आभार, मला ती माहीत नव्हती. पण २००७ च्या फोनला ती २०२२ मध्ये मिळाली, आणि एका कंपनीला जमलं म्हणजे अवघड नव्हतं हेही त्यातून दिसतं. आईचा फोन दुसऱ्या कंपनीचा आहे, आणि बोटांना सवय झालेला फोन या वयात बदलायला लावणं मला बरोबर वाटत नाही.

गारगोटी, बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला ‘निर्बंध नाहीत’ करून ठेवलंय. आणखी कुठे काही पाहायचं असतं का?

गारगोटी

हो. ‘ऑटोस्टार्ट’ किंवा ‘आपोआप सुरू होऊ द्या’ असं काही दिसलं तर तेही चालू करा, नाहीतर फोन बंद करून चालू केल्यावर ॲप जागं होणार नाही. अलीकडची ॲप्स उघडी दिसतात त्या यादीत या ॲपवर कुलूप लावता येत असेल तर लावा. आणि प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर हे सगळं पुन्हा तपासा. माझ्या फोनवर एकदा अपडेटनंतर ही सेटिंग्ज पुसली गेली होती.

उंबरठा

हे शेवटचं मात्र चूक आहे. माणसाने एकदा ठरवलेलं अपडेटने पुसायचं नाही. इथे मी तुमच्या बाजूने आहे. बाकी मतभेद कायम.