कुत्र्यांच्या हृदयविकारावरचा अनुदान अर्ज परत आलाय

माझी पीएचडी कुत्र्यांच्या हृदयातल्या मायट्रल झडपेच्या आजारावर आहे. 40 कुत्र्यांच्या रक्ततपासणीसाठी अर्ज केला होता. शेरा आला: नमुनासंख्येला आधार नाही. माझी स्वतःची कुत्री याच आजाराने गेली, विषय सोडवत नाही. काय बदलू?

उत्तर १
40च का, हे लिहिलंय का? किती फरक दिसला तर उपचार बदलेल, ते आधी ठरवा आणि मगच संख्याशास्त्रज्ञाकडे जा. 2016 मध्ये आलेल्या एपिक अभ्यासात याच आजाराचे 360 कुत्रे होते. पिमोबेंडन या औषधामुळे हृदय निकामी होणं साधारण 15 महिने लांबलं. अर्थात तुमचा अभ्यास प्राथमिक असेल तर 40 चालतील, पण मग तसं स्पष्ट म्हणा. 'आजार लवकर ओळखता येईल' असा दावा 40 कुत्र्यांवर करू नका.

उत्तर २
मध्येच गळणारे कुत्रेही हिशेबात धरा. काही मालक दुसऱ्या तपासणीला येतच नाहीत. आणि सामान्य वाचकासाठीचा सारांश शेवटच्या रात्री लिहू नका. परीक्षकांत तुमच्या विषयाबाहेरचेही असतात.

प्रश्नकर्ती
दावा मोठा केला होता, खरंय. 'प्राथमिक अभ्यास' म्हणून पुन्हा लिहिते. गळतीचा तर विचारच केला नव्हता. मनापासून आभार.